समरकंदला दोघंच

कळव्यात आमच्या बिल्डिंगमध्ये प्रीती तावडेचा आवाज सगळ्यांना माहीत आहे. ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात ती एक्स-रे काढते. "हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखून धरा" असं दिवसभर म्हणून तिच्या आवाजाला अशी धार आली आहे, की तिने नुसती "अर्धा किलो गवार" मागितली तरी भाजीवाला क्षणभर ताठ उभा राहतो. पण हा आवाज घरात कधी चढला नव्हता. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते. चढला असता तर मला कळलं असतं.

म्हणूनच गेल्या मे महिन्यात ती समरकंदहून परतली आणि आठवड्याभरात तिच्या सासरच्या गोतावळ्यात "प्रीतीने परदेशात तमाशा केला" अशी बोंब झाली, तेव्हा माझा विश्वास बसेना. मी सरळ तिलाच विचारलं. तिने चहा टाकला आणि सगळं सांगितलं. सांगताना ती पुन्हा चिडत होती. मधेच उठून गॅसचा ओटा पुसत होती, पुसलेलाच ओटा परत पुसत होती.

पंचवीस वर्षांपूर्वी प्रीती लग्न होऊन कोपरीच्या दोन खोल्यांत आली. घरात सासरे महिपतराव, सासू हौसाबाई, मोठे दीर गुरुदत्त, त्यांची बायको, त्यांची तान्ही मुलगी, आणि त्यात हे दोघं, ती आणि रवींद्र. आतल्या खोलीत कोणी झोपायचं हे रोज संध्याकाळी ठरायचं, आणि बाळ रडतं म्हणून बहुतेक वेळा ती खोली मोठ्या जोडप्याला मिळायची. नव्या नवरानवरीला बाहेरच्या खोलीत सासऱ्यांच्या कॉटच्या पायथ्याशी गादी.

लग्नानंतर फिरायला महाबळेश्वर ठरलं. रवींद्रने हॉटेल ठरवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी गुरुदत्तदादा म्हणाले, "गाडी करतोच आहोत तर आईला पण दाखवून आणू, तिने कुठे काय बघितलंय?" मग आईंच्या सोबतीला वहिनी, वहिनींबरोबर बाळ, आणि सगळ्यांना सांभाळायला स्वतः दादा. सगळे एका सुमोत बसून गेले. हॉटेलात दोन खोल्या होत्या. एकीत बायका, एकीत पुरुष. त्या सहलीचा एक फोटो प्रीतीच्या कपाटात आहे. दरीच्या कठड्याला टेकून सगळे उभे आहेत. एका टोकाला रवींद्र, दुसऱ्या टोकाला प्रीती.

"तेव्हा राग नाही आला?" मी विचारलं.

"तेव्हा मला वाटलं, असंच असतं," ती म्हणाली.

पुढे सगळं तसंच होत गेलं. लग्नाचा वाढदिवस आला की दादा काहीतरी ठरवायचे. एकदा टिटवाळा, एकदा गणपतीपुळे, दहाव्या वाढदिवसाला घरी सत्यनारायण आणि पन्नास माणसांचं जेवण. प्रीती दिवसभर पुऱ्या लाटत होती. सासूबाईंविषयी मात्र ती एक शब्द वाकडा बोलत नाही. "त्या होत्या म्हणून माझी लेक ऋतिका वाढली आणि माझी नोकरी टिकली," म्हणते. शेवटची काही वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा प्रीतीनेच त्यांचं सगळं केलं. सासऱ्यांमागून त्याही गेल्यावर घर विकलं, दादा डोंबिवलीला गेले आणि हे दोघं मुलीला घेऊन कळव्याला आले. पण दादांचा फोन सकाळ-संध्याकाळ यायचाच. फ्रिज कुठला घ्यायचा, ऋतिकाला कुठल्या कॉलेजात घालायचं, सोफ्याचा रंग कोणता, सगळं दादांना विचारून. कोपरीत असताना प्रीती रवींद्रला सगळ्यांसमोर "अहो" म्हणायची. कळव्यात दोघंच असली की "रवी" म्हणायला लागली. पण दादांसमोर अजूनही "अहो"च.

समरकंद तिच्या डोक्यात आलं ते एका कॅलेंडरमुळे. मशीनवाल्या कंपनीने कधीतरी दिलेलं. त्यातल्या एका पानावर मोठ्या चौकाभोवती तीन प्रचंड इमारती, निळ्या फरश्यांनी मढवलेल्या, आणि वर घुमट. एक्स-रेच्या खोलीला खिडकी नसते. प्रीतीने ते पान कापून भिंतीला चिकटवलं. कितीतरी वर्षं पेशंट जाऊन पुढचा येईपर्यंत ती तिकडे बघायची. पंचविसावा वाढदिवस जवळ आला तेव्हा तिने रवींद्रला समोर बसवून सांगितलं, "मला समरकंदला जायचंय. दोघंच. माझी दुसरी काही अट नाही."

"दोघंच," रवींद्र म्हणाला. "शंभर टक्के."

ऋतिका तोवर नोकरीला लागली होती. तिने तिकिटं, हॉटेल, व्हिसा, सगळं करून दिलं. वाढदिवसाच्या संध्याकाळसाठी त्या चौकाजवळच्या एका हॉटेलच्या गच्चीवर दोघांचं टेबलही राखून ठेवलं. प्रीतीने शेवाळी रंगाची नवी साडी घेतली. निघायच्या आधी माझ्याकडे कुंडीची चावी द्यायला आली होती. म्हणजे घराची चावी, पण तिला काळजी कुंड्यांची. इतकी खुशीत मी तिला कधी बघितली नव्हती.

विमानतळावर ट्रॉली ढकलत ती आत शिरली आणि समोर गुरुदत्तदादा उभे. शेजारी वहिनी, गुडघ्याला पट्टा, खांद्याला खाकरे आणि चिवड्याने फुगलेली पिशवी.

"सरप्राइज!" दादा दोन्ही हात पसरून ओरडले.

प्रीतीने वळून रवींद्रकडे बघितलं. तो हसत होता. कानापर्यंत हसत होता.

"तुला माहीत होतं?" तिने हळू विचारलं.

"अगं, दादाला कळलं तर म्हणाला आम्ही पण येतो. नाही कसं म्हणणार? मज्जा येईल ना, ओळखीची माणसं असली की."

तिथे तमाशा करता येत नाही. मागे रांग होती. प्रीती पुढे सरकली, बॅग पट्ट्यावर ठेवली. ती मला म्हणाली, "माझे कान गरम झाले. खरंच गरम. मी हात लावून बघितला."

विमानात दादांना आणि रवींद्रला गप्पा मारायच्या होत्या, म्हणून वहिनी प्रीतीच्या शेजारी. ताश्कंदहून पुढे ट्रेनमध्येही तेच. समरकंदला पोचल्यावर सगळी सूत्रं दादांच्या हातात. ऋतिकाने ठरवलेली गाइड बाई दादांनी पहिल्याच दिवशी रद्द केली. "मोबाइलवर सगळं असतं." एका जुन्या कबरस्तानाच्या गल्लीत, जिथे दोन्ही बाजूंना निळ्या-हिरव्या फरश्यांच्या समाध्या ओळीने उभ्या आहेत, प्रीती एका भिंतीसमोर थांबली. जवळून बघितलं तर एकेक तुकडा हाताने कापून बसवलेला. तेवढ्यात दादांची हाक आली, "चला चला, पुढे पण हेच आहे. सगळं निळंच!" आणि रवींद्र तिचा दंड धरून म्हणाला, "चल ना, दादा थांबलाय."

हॉटेलवर परतल्यावर वहिनींच्या किटलीत चहा करायचा प्रीतीने, दादांच्या गोळ्या काढून द्यायच्या प्रीतीने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींच्या गुडघ्याला मलम लावताना तिला राहवलं नाही.

"वहिनी, तुम्ही तरी सांगायचं होतं त्यांना. आमचं दोघांचं ठरलेलं."

"मला कोण विचारतं?" वहिनी म्हणाल्या. "तिकीट दाखवलं आणि म्हणाले, बॅग भर. ह्या गुडघ्यांनी मला काय समरकंद नि काय डोंबिवली."

प्रीतीला वाईट वाटायला हवं होतं. तिला आणखीनच राग आला. मला म्हणाली, "त्या एकदाही नाही म्हणाल्या नाहीत, मी एकदाही नाही म्हणाले नाही, म्हणूनच तर दादा असे झाले ना? आणि मी तिथे बसून त्यांच्या गुडघ्याला मलम लावतेय. माझ्याच लग्नाच्या वाढदिवसाला."

वाढदिवसाची सकाळ. प्रीती शेवाळी साडी नेसून खाली नाश्त्याला आली. काउंटरवरच्या मुलीने तिला मोडक्या इंग्रजीत विचारलं, संध्याकाळचं गच्चीवरचं टेबल रद्द करायला सांगितलं होतं, ते तिकडे कळवलंय, ठीक ना? प्रीतीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात मागून दादा म्हणाले, "हो हो, मीच सांगितलं. तिथे मटणाशिवाय काही मिळत नाही. मी इंडियन हॉटेल शोधलंय, पनीर मिळतं, जिरा राइस मिळतो. चौघांचं सांगून ठेवलंय. केकपण!"

प्रीतीने रवींद्रकडे बघितलं. तो ऑम्लेट खात होता.

"रात्रीच ठरलं," तो मान खाली घालून म्हणाला. "तू झोपलेलीस."

तिने मला सांगितलं, की त्या क्षणी ती रडली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. दादांनी पाठीवर हात ठेवला असता, वहिनींनी पाणी दिलं असतं आणि संध्याकाळी पनीर खाल्लं गेलं असतं. तिला रडू आलं नाही.

तासाभराने चौघं त्या चौकात पोचले. कॅलेंडरवरचा चौक. तिन्ही इमारती समोर होत्या, फोटोपेक्षा कितीतरी मोठ्या, मान मागे टाकावी लागेल इतक्या. प्रीती पायऱ्यांवर उभी राहिली. ती धड बघते न बघते तोच दादांनी मोबाइल उंच धरला. व्हिडिओ कॉलवर डोंबिवली, कोपरी, गावाकडचे चुलते, सगळे.

"हे बघा, आमच्याकडे कुणी एकटंदुकटं फिरत नाही," दादा मोबाइलला सांगत होते. "पंचवीस वर्षं झाली, पण आम्ही सगळे एकत्र! प्रीती, जरा हस की. रवी, तिच्या खांद्यावर हात टाक. अरे टाक, लाजतोस काय, मी आहे ना!"

"तेच तर," प्रीती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही आहात ना. कायम तुम्ही आहात. फोन बंद करा, दादा."

तो एक्स-रेच्या खोलीतला आवाज होता. दादांनी फोन बंद केला नाही, नुसता खाली घेतला, त्यामुळे पुढचं सगळं गावापर्यंत ऐकू गेलं.

"महाबळेश्वरला तुम्ही होतात. टिटवाळ्याला तुम्ही होतात. माझ्या घरातल्या सोफ्याचा रंग तुम्ही ठरवलात. मी काही बोलले नाही. आजचं माझं जेवणाचं टेबल तुम्ही रद्द केलंत. कुणाला विचारून? माझ्या मुलीने ठरवलेलं टेबल होतं ते!"

"अगं, मी चांगल्यासाठीच—"

"कुणाच्या?"

आजूबाजूची माणसं थांबून बघू लागली होती. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "प्रीती, लोक बघताहेत गं."

"बघू देत. त्यांना मराठी कळत नाही. तुम्हाला कळतं ना? आणि तू, रवी..."

दादांच्या कानावर पडेल असं तिने नवऱ्याला पहिल्यांदाच तू म्हटलं. रवींद्रने दचकून आधी दादांकडे बघितलं, मग तिच्याकडे. ते बघणंच तिच्या डोक्यात गेलं.

"त्यांच्याकडे काय बघतोस? मी बोलतेय. एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. दागिना नाही, घर नाही. दोघंच म्हणाले होते. शंभर टक्के म्हणालास. तुझे शंभर टक्के म्हणजे दादांनी हो म्हटलं तर! माझ्याशी लग्न केलंस की ह्यांच्या परवानगीने मला घरात ठेवलंस?"

"घरी जाऊन बोलू ना," रवींद्र पुटपुटला.

"घरी कधी बोललोय आपण?"

आणि ती निघाली. मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला आणि साडीच्या निऱ्या एका हाताने उचलून चौकातून चालत सुटली. मागून रवींद्रच्या हाका आल्या, मग दादांचा आवाज, "जाऊ दे, येईल शांत झाली की."

ती शांत झाली नाही. त्या शहरात एक लांबच लांब रस्ता आहे, गाड्या नसलेला, त्यावरून ती तोंडाने बडबडत चालत राहिली. वाटेत एक भव्य मशीद लागली, तिने बघितली न बघितल्यासारखी. पुढे बाजार होता. तुतीचे ढीग, चेरीचे ढीग, आणि बायका गोल चकचकीत रोट्या घेऊन बसलेल्या, मधोमध नक्षीचा ठसा उमटवलेल्या. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका म्हातारीने तिची साडी बघून "हिंदुस्तान!" म्हणून आनंदाने टाळी वाजवली. मग हाताच्या खुणेने विचारलं, नवरा कुठे? प्रीतीने हवेत हात झटकला, माशी हाकलल्यासारखा. म्हातारी इतकी हसली की तिने रोटीचा एक तुकडा तोडून प्रीतीच्या हातात कोंबला. प्रीती बाजाराच्या कडेला एका ओट्यावर बसली आणि तो तुकडा रागारागाने खाल्ला. मग एक अख्खी रोटी विकत घेतली आणि तीही खाल्ली. नुसती, कशाबरोबरही नाही.

दुपार तिने तशीच काढली. ऊन उतरू लागल्यावर ती परत चौकाच्या दिशेने आली आणि त्या गच्चीच्या जिन्याने सरळ वर गेली. टेबल रद्द झालेलं होतं. हॉटेल चालवणारी बाई होती, तिने प्रीतीच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता कडेचं एक छोटं टेबल दिलं. खाली तिन्ही इमारतींवर तिरकं ऊन पडलेलं. प्रीतीने पुलाव मागवला, मटणाचाच. सोबत बिनदुधाचा चहा.

जेवण समोर आलं आणि जिन्यातून रवींद्र वर आला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"इथेच असशील वाटलं," तो म्हणाला.

"दादा-वहिनी?"

"हॉटेलवर. दादा रागावलाय."

"तू त्यांना विचारून आलास की सांगून?"

"सांगून," तो म्हणाला.

त्याने तिच्या समोरची खुर्ची ओढली. प्रीतीने चमच्याने शेजारचं टेबल दाखवलं. "तिथे बस."

"प्रीती, अगं..."

"तिथे."

तो बसला. वाढणारी मुलगी बुचकळ्यात पडली, एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. रवींद्रने प्रीतीच्या ताटाकडे बोट दाखवून तेच मागवलं. दोघं आपापल्या टेबलावर, तोंडं एकाच दिशेला, असे जेवत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी घाबरलेलो."

"दादांना?"

"नाही. म्हणजे ते पण. पण... आठवडाभर आपण दोघंच. काय बोललो असतो? घरी निदान दादाचा फोन येतो, ऋतिकाचं काहीतरी असतं. मला वाटलं, इथे आलो आणि तू कंटाळलीस तर? मग आपल्याला कळणार की आपल्यात बोलण्यासारखं काही नाहीच."

हे मला सांगताना प्रीतीने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "दादांचा राग मी समजू शकते गं. त्यांना सवय आहे. पण हा माणूस! पंचवीस वर्षांत मला एकदा एकटीला भेटून बघितलं नाही, आणि स्वतःच ठरवून मोकळा, की मी कंटाळणार. मला नापास केलं, पेपर न घेताच."

गच्चीवर ती त्याला एवढंच म्हणाली, "मग बोल आता. तिथूनच बोल. ऐकू येतंय मला."

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "महाबळेश्वरला मी झोपलोच नव्हतो. दादा घोरत होता. उठून तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आलेलो. आत आईला खोकला आला, तसा परत गेलो."

"दार वाजवायचंस."

"आई होती ना आत."

"मी पण होते आत," प्रीती म्हणाली.

त्यावर तो रडला. शेजारच्या टेबलावर, हातात चमचा धरून. तिने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिला वाटलं होतं ठेवावा, पण हात पुढे झाला नाही, आणि आपला हात पुढे होत नाही ह्याचाही तिला राग आला. खाली दिवे लागले, घुमट उजळले, लोक मोबाइल उंचावून फोटो काढू लागले. हे दोघं पैसे वेगवेगळे देऊन उतरले आणि हॉटेलपर्यंत एकत्र चालत गेले. वाटेत तो दोन-चार वाक्यं बोलला. ती हं म्हणाली.

उरलेले दिवस दादा तिच्याशी बोलले नाहीत. परतीच्या विमानात तिने खिडकीची जागा घेतली आणि शेजारी रवींद्रला बसवलं. दादांच्या गोळ्या वहिनींनीच काढल्या. परत आल्यावर "तमाशा" हा शब्द सगळ्यात आधी ज्या तोंडातून निघाला, ते तोंड वहिनींचंच. प्रीतीला हे सगळ्यात जास्त लागलं. "ज्या गुडघ्याला मी मलम लावलं ना," एवढं म्हणून ती पुन्हा ओटा पुसायला लागली.

गणपतीनंतरची गोष्ट. मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले होते. प्रीती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. रवींद्रचा फोन वाजला, आणि तो बोलत बोलत गॅलरीत गेला. दार उघडंच होतं.

"दिवाळीत? नाही दादा... नाही, म्हणजे तिकिटं काढू नकोस. आमची नको काढूस... तिने नाही सांगितलं. मी सांगतोय. मीच... हो. हो, आई असती तर... माहीत आहे मला. तरी नाही."

तो आत आला तेव्हा घामाघूम होता, भर गॅलरीतल्या वाऱ्यात. फोन त्याने टेबलावर पालथा ठेवला. त्याने प्रीतीकडे बघितलं, शाबासकीची वाट बघत असल्यासारखं. प्रीतीने मान वर केली नाही.

"उरलेल्या शेंगा घे," ती म्हणाली. तो समोर बसून मटार सोलू लागला.

मी निघताना ती दारापर्यंत आली. मी हळूच विचारलं, "आता तरी राग गेला का?"

"का जावा?" ती म्हणाली. "मे महिन्यात परत जाणार आहोत समरकंदला. ऋतिकाला सांगितलंय, तिकिटं काढ. ह्या वेळी ते शहर बघायचंय मला. गेल्या खेपेला काहीच दिसलं नाही, नुसती चिडून फिरले. त्याचाही राग आहेच."